सगळ्या डेमोंच्या आईची सुईण

नेटवर एक दीड तासाची कृष्णधवल फिल्म आहे. पांढरा शर्ट, टाय, डोक्याला हेडसेट लावलेला त्रेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ हळू आवाजात बोलतोय आणि पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडे हलवतोय. हा डग्लस एंगलबार्ट. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को, फॉल जॉइंट कॉम्प्युटर कॉन्फरन्स. आपल्या धंद्यातल्या बहुतेकांनी या डेमोबद्दल कुठे ना कुठे वाचलेलं असतंच. माउस, हायपरटेक्स्ट, स्क्रीनवर एडिटिंग, दोघांनी दोन गावांतून एकाच मजकुरावर काम करणं, सगळं एकाच बैठकीत. १९९४ साली स्टीव्हन लेव्हीने आपल्या पुस्तकात याला 'सगळ्या डेमोंची आई' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण माउस-बिऊस जरा बाजूला ठेवा. मला जास्त थक्क करणारी गोष्ट अशी की ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं चाललं होतं तो त्या हॉलमध्ये नव्हताच!

तो होता मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (एसआरआय), म्हणजे तिथून जवळजवळ ५० किलोमीटर लांब. एसडीएस ९४० नावाचं कपाटांएवढं धूड, मेमरी आपल्या हिशेबात १९२ किलोबाइट. ते उचलून हॉलमध्ये आणणं शक्यच नव्हतं. म्हणजे आणायचं तर चित्र आणायचं, तेही लाइव्ह, हजारेक तज्ज्ञांसमोर. आणि ही जबाबदारी होती बिल इंग्लिश नावाच्या इंजिनियरची. १९६४ साली माउसचा पहिला लाकडी नमुना बनवला तो यानेच. एंगलबार्टला काय हवंय ते दिसायचं, पण ते उभं कसं करायचं हे इंग्लिशला कळायचं.

आता हे चित्र हॉलपर्यंत कसं पोचलं ते बघू, कारण खरी मजा तिथेच आहे.

एसआरआयच्या सिस्टिममध्ये कॉम्प्युटर चित्र काढायचा ते पाच इंची छोट्या ट्यूबवर. त्या ट्यूबसमोर चक्क एक टीव्ही कॅमेरा लावलेला! तो कॅमेरा जे बघेल ते केबलने टेबलावरच्या मॉनिटरवर. (थोडक्यात, स्क्रीन शेअरिंग म्हणजे शब्दशः स्क्रीनचं शूटिंग. हसू नका, चांगल्या मोठ्या ट्यूबा तेव्हा परवडत नव्हत्या.) पण याचा एक फायदा झाला. चित्र आधीपासूनच व्हिडिओ होतं, आणि व्हिडिओ लांब पाठवायची विद्या टीव्हीवाल्यांकडे तयार होती.

मग भाड्याने मायक्रोवेव्ह लिंक घेतल्या, एक नाही, दोन. एकावर कॉम्प्युटरचं चित्र, दुसरीवर मेन्लो पार्कमधल्या माणसांचं. मायक्रोवेव्ह जातात सरळ रेषेत आणि मध्ये डोंगर. म्हणून स्कायलाइनच्या रस्त्यावर, उंचावर, एक ट्रक उभा केला, त्यावर चार अँटेना. दोन एसआरआयच्या गच्चीवर, दोन सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहाच्या गच्चीवर. ही झाली चित्राची वाट. उलट दिशेने, म्हणजे एंगलबार्टने दाबलेली बटणं आणि माउसची हालचाल, हे जायचं टेलिफोनच्या लाइनवरून, घरच्या घरी बनवलेल्या मॉडेममधून. बटण एका वाटेने गेलं आणि त्याचा परिणाम दुसऱ्या वाटेने परत आला! यातला एकही दुवा निखळला असता तर एंगलबार्ट हजार लोकांसमोर मेलेला माउस हलवत बसला असता.

हॉलमध्ये आयडोफोर नावाचा स्विस प्रोजेक्टर मागवला होता. त्यात आरशावर तेलाचा पातळ थर असतो, इलेक्ट्रॉनचा झोत त्या तेलावर सूक्ष्म सुरकुत्या पाडतो आणि प्रखर दिव्याचा प्रकाश त्यावरून पडद्यावर जातो. पडदा २२ फूट उंच.

आणि मागे एका मचाणावर मिक्सिंगचं यंत्र घेऊन बिल इंग्लिश. एंगलबार्टच्या चेहऱ्याचा कॅमेरा, हातांचा कॅमेरा, मेन्लो पार्कहून येणारी दोन चित्रं, यातलं कुठलं कधी दाखवायचं, कुठलं कोपऱ्यात टाकायचं, कुठलं कशावर चढवायचं, सगळं त्याच क्षणी ठरवायचं. तिकडे मेन्लो पार्कला एका कॅमेऱ्यावर स्ट्यूअर्ट ब्रँड, तोच 'होल अर्थ कॅटलॉग'वाला. एंगलबार्ट बोलत असताना त्याच्या कानात इंग्लिशच्या सूचना चालू असायच्या. ज्यांनी कॉलेजात 'पुरुषोत्तम'ला बॅकस्टेज केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त इथे विंगेतला दुसरा माणूस ५० किलोमीटरवर होता.

पैसा होता आर्पा, नासा यांच्या संशोधनाचा, आणि त्यातून ट्रक, अँटेना, प्रोजेक्टर हे सगळं! आपटले असते तर नुसती फजिती नव्हती, अनुदानही धोक्यात आलं असतं. (अ‍ॅपलसारख्या गडगंज कंपनीने २०२० पासून आपल्या कीनोट आधीच शूट करून दाखवायला सुरुवात केली हे इथे आठवतं.) पण नाही आपटले. नव्वद मिनिटांनी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आता पुढचा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. १९७१ मध्ये इंग्लिश झेरॉक्स पार्कला गेला. त्याच्या मागोमाग एंगलबार्टचे आणखीही काही लोक तिकडे गेले. पार्कमध्ये इंग्लिशने चाकांऐवजी गोळीचा माउस केला, आणि १९७३ चा आल्टो तिथेच जन्मला. इकडे एंगलबार्टची प्रयोगशाळा आक्रसत गेली. १९७७ मध्ये एसआरआयने ती सिस्टिम टाइमशेअर नावाच्या कंपनीला विकून टाकली. पैसे आटले, मतभेद झाले, कारणं बरीच होती. पण माझं स्पष्ट मत असं की मुख्य कारण म्हणजे मचाणावरचा माणूस गेला. कल्पना तशीच होती, एंगलबार्ट तोच होता, पण ती कल्पना दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर आणून उभी करणारं कुणी उरलं नाही.

श्रेयाचा हिशेब मात्र गमतीदार आहे. त्या कॉन्फरन्सच्या छापील शोधनिबंधावर दोन नावं आहेत, एंगलबार्ट आणि इंग्लिश. १९७० साली मिळालेल्या माउसच्या पेटंटवर मात्र एकच. एंगलबार्टला १९९७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि ते योग्यच होतं. इंग्लिश २०२० च्या जुलैमध्ये ९१ व्या वर्षी गेला, तेव्हा अनेकांना त्याचं नाव पहिल्यांदाच कळलं.

असो. फिल्म बघाल तेव्हा एकदा एंगलबार्टकडे न बघता फक्त चित्र कसं बदलतं ते बघा. मजकुरावर हळूच त्याचा चेहरा चढतो, मग कोपऱ्यात मेन्लो पार्कचा बिल पॅक्स्टन येतो, एकाच पडद्यावर दोघांचे दोन ठिपके फिरायला लागतात. त्या बदलांमागचा हात इंग्लिशचा आहे :)