कुकरचा पहारा : पापँच्या लंबकापासून बिनशिट्टीच्या कुकरपर्यंत



‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.’ हे वाक्य कानावर न पडता मोठा झालेला मराठी माणूस सापडणं कठीण. आई देवळात जाताना सांगायची, आजी दुसऱ्या खोलीतून ओरडायची, आणि अभ्यास करणारं पोर एक कान स्वयंपाकघराकडे ठेवून बसायचं. आपल्या घरांत वरण-भाताचा पहारा दोन-तीन पिढ्या याच वाक्यावर चालला.

आता शिट्टी न वाजवणारा कुकर घराघरांत येतो आहे. डाळ-पाणी घाला, झाकण फिरवा, बटण दाबा आणि फिरायला जा. दाब, तापमान, वेळ सगळं तो बघतो. काही कुकर मोबाईलवर निरोपही पाठवतात. इथे जयपूरमध्ये माझ्यासारख्या निवृत्त मंडळींच्या घरी तो बहुतेक वेळा मुलांकडून येतो. मुलं परगावी किंवा परदेशी, आई-वडील दोघंच घरात, आणि त्यांच्या हातून गॅस चालू राहील ही मुलांना धास्ती. कुकर आला की आमच्या कट्ट्यावर प्रश्न एकच असतो : ‘याच्यावर भरवसा ठेवायचा का?’

आज या प्रश्नाचं उत्तर इतिहासातून शोधू. कारण झाकणाखाली कोंडलेल्या वाफेवर पहारा कोणी ठेवायचा, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांइतका जुना आहे.

पापँची हाडं आणि लंबक

देनी पापँ हा फ्रान्समधल्या ब्लुआ गावचा. जन्म १६४७चा. पॅरिसमध्ये तो हायगेन्सच्या हाताखाली होता, मग लंडनला जाऊन रॉबर्ट बॉइलबरोबर काम करू लागला. १६७९ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीसमोर आपला ‘डायजेस्टर’ मांडला. जाड धातूचं भांडं, स्क्रूनं आवळलेलं घट्ट झाकण, आत पाणी आणि बैलाची हाडं. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं, आणि एरवी टाकून द्यायची हाडं मऊ होतात. एप्रिल १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांना या भांड्यातलं जेवण मिळालं. जॉन एव्हलिन त्या पंगतीत होता. हाडं चीजसारखी मऊ झाल्याचं आणि त्यासाठी आठ औंसांहून कमी, म्हणजे पाव किलोपेक्षाही कमी कोळसा लागल्याचं त्यानं रोजनिशीत नोंदवलं.

पापँपुढे दोन अडचणी होत्या. पहिली, भांडं फुटू नये. त्यावर त्यानं झाकणाला भोक पाडून एक झडप बसवली आणि तरफेच्या टोकाला वजन टांगून ती दाबून ठेवली. वाफेचा जोर वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाते आणि जादा वाफ निघून जाते. आपल्या कुकरची शिट्टी हे त्याच वजनाचं घरगुती रूप.

दुसरी अडचण, आत किती तापलं ते बाहेरून कळावं कसं? पापँनं झाकणावर एक छोटा खळगा ठेवला. त्यात पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती सेकंद लागतात ते लंबकाच्या हेलकाव्यांवर मोजायचं. थेंब जितका लवकर उडेल तितकं भांडं जास्त तापलेलं. भांडं न उघडता आतली बातमी काढायची ही युक्ती होती. आजच्या कुकरच्या तळाशी असणारा सेन्सर हेच काम करतो.

म्हणजे सुरुवातीपासूनच पहाऱ्याची दोन कामं होती. एक, स्फोट टाळणं. दुसरं, पदार्थ शिजला की थांबणं. पहिलं काम यंत्रानं १६७९ मध्येच उचललं. दुसरं पुढे पावणेतीनशे वर्षं माणसाकडे राहिलं, आणि खरं सांगायचं तर बाईमाणसाकडे राहिलं.

आपल्याकडचा कुकर

पापँचं भांडं प्रयोगशाळेत लवकर रुजलं, स्वयंपाकघरात नाही. जड धातू, महाग ओतकाम आणि वाफ अडवणारं चांगलं रबर नाही, अशा स्थितीत घरगुती प्रेशर कुकर सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला १९३० चं दशक संपत आलं.

आपल्याकडे ‘कुकर’ हा शब्द मात्र दाबाच्या आधीच पोचला होता. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला. उंच डब्यात एकावर एक भांडी, तळाशी निखारे, आणि मधल्या पाण्याच्या वाफेवर भात, डाळ, भाजी एकदम. दाब नाही, त्यामुळे फुटण्याची भीती नाही. निखारे लावून माणूस कामाला जायचा, परतला की जेवण तयार. आज ज्याची जाहिरात ‘लावा आणि विसरा’ अशी होते, ती सोय एकट्यानं राहणारे नोकरदार आणि विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वीच वापरत होते. तिथे पहारेकरी निखारेच होते : कोळसा संपला की शिजवणं थांबलं.

मग १९५९ साल आलं. एच. डी. वासुदेव यांनी इंग्लंडच्या एल. जी. हॅरिस कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानं मुंबईत हॉकिन्स सुरू केली. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेले कुकर देशभर गेले. त्याच सुमारास दक्षिणेत टीटीके समूहानं प्रेस्टीज आणला. दोघांच्या झाकणांत फरक आहे. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, त्यामुळे आत दाब असेपर्यंत ते उघडतच नाही, वाफच ते दाबून धरते. प्रेस्टीजचं बाहेरून बसतं. तिथे मदार रबरी रिंगेवर आणि सेफ्टी व्हॉल्ववर.

शिट्टीचं वजन साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला उचललं जातं. समुद्रसपाटीला तेव्हा आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. तासाभराची डाळ पंधरा मिनिटांत होते ती यामुळे.

पण शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर एकच शिट्टी दहा मिनिटं खाते. पाच लिटरच्या अर्ध्या रिकाम्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि दोन लिटरच्या भरलेल्या कुकरच्या तीन शिट्ट्या यांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी घराघरात हिशेब जमत गेला, कारण भांडं तेच, शेगडी तीच आणि हात तोच. ‘आमच्या कुकरला तुरीला चार लागतात’ हे ज्ञान त्या घरापुरतं खरं असायचं.

उंचीचा धडा

हा हिशेब कुठे कोलमडतो ते फौजेनं चांगलं पाहिलं आहे. पाणी मुंबईत १०० अंशांना उकळतं. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटरवर, इथे साधारण साडेअठ्ठ्याण्णवला. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे ८८च्या आसपास. एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झाल्यापासून सियाचीनच्या भागात आपले जवान अठरा हजार फुटांवर आणि त्याच्याही वर राहतात. तिथे पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. उघड्या पातेल्यात डाळ कितीही वेळ खदखदू द्या, ८२च्या वर ती जाणारच नाही. रॉकेल जळत राहतं आणि दाणा कडक तो कडकच. आणि तिथलं रॉकेल कुणीतरी पाठीवर वाहून नेलेलं किंवा हेलिकॉप्टरनं आणलेलं असतं. अशा लंगरात प्रेशर कुकर हे चैनीचं भांडं राहत नाही.

गंमत अशी की कुकरचं वजनही बाहेरच्या हवेच्या दाबावर आपला दाब चढवतं. लेहला बाहेरची हवाच विरळ, म्हणून पूर्ण दाबातही आतलं तापमान ११५ अंशांपर्यंतच जातं. मैदानातून नुकत्याच आलेल्या लांगऱ्याच्या ठरलेल्या शिट्ट्या तिथे कमी पडतात आणि त्याला मोजणी नव्यानं शिकावी लागते.

दुसरं कामही यंत्राकडे

‘शिजलं की थांब’ हे काम यंत्रावर सोपवण्याचं मोठं पाऊल जपानमध्ये पडलं. तोशिबाचा स्वयंचलित विजेचा राइस कुकर डिसेंबर १९५५ मध्ये बाजारात आला. तो तयार केला योशितादा मिनामी यांनी, आणि भाताच्या चाचण्यांचा मोठा भार उचलला त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. युक्ती साधी होती. दोन भांडी, एकात एक. बाहेरच्या भांड्यातलं मोजकं पाणी आटेपर्यंत तापमान शंभरावर स्थिर राहतं. ते आटलं की पारा वर सरकतो, दोन धातूंची पट्टी वाकते आणि वीज तुटते.

हीच कल्पना दाबाच्या भांड्याला जोडणं पुढे झालं. विजेच्या प्रेशर कुकरचं पेटंट १९९१ मध्ये चीनमध्ये योंग-ग्वांग वांग यांनी मागितलं. कॅनडात ओटावा इथे रॉबर्ट वांग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कंपनी काढली आणि २०१० मध्ये ‘इन्स्टंट पॉट’ आणला. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मुलांना ताजं जेवण मिळत नाही, ही त्यांची मूळ अडचण. परदेशातल्या भारतीय घरांत तो लगेच शिरला, कारण डाळ, राजमा, छोले हे आपलं रोजचं काम. टेक्ससमधल्या उर्वशी पित्रे यांचं भारतीय पदार्थांचं इन्स्टंट पॉट पुस्तक २०१७ मध्ये आलं आणि त्यांचं बटर चिकन अमेरिकेत गाजलं. पुढे कंपनीवर कर्ज चढलं आणि २०२३ मध्ये ती दिवाळखोरी संरक्षणात गेली. भांडं मात्र रुळलं होतं.

या कुकरच्या तळाशी तापमानाचा सेन्सर असतो, दाब ओळखणारी कळ असते आणि एक छोटा संगणक. दाब भरेपर्यंत तो वेळ मोजत नाही, भरल्यावर मोजायला लागतो. दाब असताना एक पिन वर येऊन झाकण अडवते. दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी, तापमान साधारण ११५ ते ११८, म्हणून डाळीला काही मिनिटं जास्त द्यावी लागतात.

भरवसा किती ठेवायचा?

आता मूळ प्रश्नावर येऊ. आच बंद करण्याच्या बाबतीत या कुकरवर भरवसा ठेवायला हरकत नाही. वय वाढलं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. तोफखान्यात नोकरी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याच्यासाठी शिट्टीचा पहारा कधीच संपलेला असतो. अशा घरात आपोआप बंद होणारं भांडं ही खरी सुरक्षितता आहे.

पण त्या संगणकाला फक्त दाब, तापमान आणि वेळ कळतो. भांड्यात काय आहे, ते त्याला दिसत नाही. म्हणून काही कामं आपल्याकडेच राहतात.

पहिलं पाणी. राजस्थानातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीचं साल मऊ होऊ देत नाही. जयपूरला बीसलपूर धरणाचं पाणी येतं, पण अनेक वसाहती आजही बोअरवर आहेत. ‘डाळ’ लिहिलेल्या बटणाला हे ठाऊक नाही. डाळ आधी भिजवा, फिल्टरचं पाणी घ्या आणि वेळ वाढवा.

दुसरा राजमा. याच कुकरमध्ये मंद शिजवण्याचं बटण असतं. लाल राजमा त्यावर कधीही लावू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं. मंद आचेवर ते नष्ट होत नाही, आणि काही तासांत जोराच्या उलट्या होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि पूर्ण दाबावरच शिजवा.

तिसरं, उशिरानं सुरू होण्याची सोय. डाळ-तांदळाला ठीक. मे महिन्यात जयपूरचं घर तापलेलं असताना मटण किंवा दूध असं तासन् तास ठेवायचं नाही.

चौथं, वीज. मोठा कुकर सुमारे हजार वॅटचा असतो. घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो लावू नका. आणि अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा कुकर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळालाच म्हणून समजा. मुलांना सांगा, इथलाच घ्या.

पाचवं, रिंग आणि वाफेची नळी. डाळीचा फेस नळीत अडकतो, म्हणून डाळ अर्ध्या भांड्यावर भरू नका. नळी आणि पिन दर वेळी धुवा. सैल झालेली रिंग बदला. हा नियम शिट्टीच्या कुकरलाही लागू आहे.

फौजेत संत्री बदलताना जुना नव्याला सगळं सांगून मगच जागा सोडतो. नव्या कुकरला काही सांगता येत नाही, म्हणून जुन्या संत्र्याला जे ठाऊक होतं ते घरातल्या माणसांनी लिहून ठेवायला हवं. मूग किती मिनिटं, तूर किती, वाटीला पाणी किती, हे कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. घरातल्या आजींना कितव्या शिट्टीला काय होतं हे पाठ असेल, तर त्याची मिनिटं करून घ्या. ती वही नातवंडांना ओटाव्यातही उपयोगी पडेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.