वैद्यकीय विद्यार्थ्यांचा पोशाख

वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी अशा आरोग्यशाखांत शिकणाऱ्यांनी वर्गात, प्रयोगशाळेत आणि रुग्णासमोर कोणत्या वेशात यावे, याविषयीचे लेखी व अलेखी नियम. महाराष्ट्रात हा सगळा विषय ‘अ‍ॅप्रन’ या एका शब्दात मावतो. मुळात अ‍ॅप्रन म्हणजे कमरेला बांधून अंगाची पुढची बाजू झाकणारे फडके; स्वयंपाक्याचे, लोहाराचे किंवा जुन्या काळच्या नर्सचे. डॉक्टर घालतात तो गुडघ्यापर्यंतचा, पुढे बटणे असलेला, लांब बाह्यांचा पांढरा डगला म्हणजे खरे तर कोट. पण इथल्या कॉलेजांत त्याला कोट म्हणणारा विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही, म्हणून या नोंदीतही अ‍ॅप्रन हाच शब्द ठेवला आहे.

या नियमांमागे दोन हेतू आहेत. समोरच्या पोरसवदा मुलावर रुग्णाचा विश्वास बसावा, हा एक. एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर जाऊ नयेत, हा दुसरा. दोन्ही ओझी एकाच कपड्यावर टाकली गेली आणि त्या दोहोंचे आपसांत पटत नाही. भांडण मुख्यतः बाहीवर आहे.

वैद्याच्या वेशाची चर्चा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय, विशिखानुप्रवेशनीय, शिक्षण संपवून व्यवसायात उतरणाऱ्या वैद्यासाठी आहे. नखे व केस कापलेले, अंग स्वच्छ, वस्त्र पांढरे, हातात काठी, डोक्यावर छत्री, पायांत जोडे आणि वेश भपकेबाज नसलेला, असे त्याचे वर्णन तिथे येते. राजाची अनुज्ञा मिळालेली असावी, ही अटही त्याच ओघात आहे. म्हणजे नखे आणि परवाना एकाच दमात. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला जो उपदेश करतो त्यातही वेश साधा ठेवण्याची अट आहे. मात्र शिष्याने दाढीमिशा राखाव्यात, असेही तिथे सांगितले आहे. आज राउंडच्या आधी दाढी करून ये म्हणून परत पाठवल्या गेलेल्या विद्यार्थ्याला हा आधार उपयोगी पडण्याची शक्यता कमीच.

पाश्चात्त्य वैद्यकात पांढरा रंग उशिरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डॉक्टर काळा कोट घालत. शस्त्रक्रियेसाठी ठेवलेला जुना कोट रक्तापुवाने जितका कडक झालेला, तितका त्याचा मालक अनुभवी मानला जाई. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्ये हात धुण्याचा आग्रह धरला आणि लिस्टरने १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे आपले लेख प्रसिद्ध केले. त्यानंतर हळूहळू कपड्यांकडे लक्ष गेले. हा बदल टॉमस एकिन्स या अमेरिकन चित्रकाराच्या दोन चित्रांत शेजारी शेजारी पाहायला मिळतो. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळ्या कोटात, रक्ताळलेल्या हाताने शिकवत उभे आहेत. १८८९ च्या चित्रात डॉ. अ‍ॅग्न्यू आणि त्यांचे सहायक पांढऱ्या झग्यांत आहेत. बाकांवर दाटीने बसलेले विद्यार्थी मात्र त्याही चित्रात रोजच्या कपड्यांतच दिसतात आणि खरा अ‍ॅप्रन आहे तो नर्सच्या अंगावर.

दोन्ही चित्रे फिलाडेल्फियातली. त्यांच्या मधल्या वर्षांत, १८८३ ते १८८६, आनंदीबाई जोशी त्याच शहरात, विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी तिथे काढलेल्या छायाचित्रात साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी वेशातल्या सीरियाच्या सबात इस्लामबुली बसलेल्या आहेत. आनंदीबाईंपुढचा पोशाखाचा प्रश्न रुबाबाचा नव्हता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी सोसत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. धर्म, रीत, हवामान आणि अभ्यास यांत एकीने काढलेली ही वाट पुढच्या कित्येक नियमावल्यांपेक्षा समंजस होती.

पांढऱ्या अ‍ॅप्रनला सोहळ्याचे रूप मिळाले ते १९९३ मध्ये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्नोल्ड गोल्ड या डॉक्टरांच्या प्रतिष्ठानाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना समारंभपूर्वक कोट चढवून शपथ देण्याची प्रथा सुरू केली. शपथ अभ्यासक्रमाच्या शेवटी देणे म्हणजे फार उशीर, असे गोल्ड यांचे म्हणणे होते. भारतात २०१९ पासून एमबीबीएसला नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यातल्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये ‘व्हाइट कोट सेरेमनी’ आली आणि आता महाराष्ट्रातल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत ती होते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याच टप्प्यावर चरक शपथेची शिफारस केली. आईवडील सभागृहात फोन उंचावून बसलेले, मुले रांगेने मंचावर जाणार आणि शिक्षक मागून अ‍ॅप्रनची बाही धरणार, असा हा कार्यक्रम. नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा टोपी देण्याचा आणि दिवे लावून शपथ घेण्याचा विधी याहून बराच जुना. त्यावर नाइटिंगेलबाईंची छाया आहे. टोपी मात्र अनेक ठिकाणी गेली. रोज न धुतली जाणारी, खाटेवर वाकले की घसरणारी ही वस्तू स्वच्छतेच्या कसोटीवर टिकली नाही. परिचर्येच्या गणवेशात पांढऱ्या साडीच्या जागी सलवार-कमीज किंवा शर्ट-पँट आली, तीही कामाच्या सोयीनेच.

मंचावरचा अ‍ॅप्रन दुसऱ्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये जातो. तिथे तो शोभेचा नसतो. फॉर्मालिनचा वास कापडात असा मुरतो की दोन धुण्यांनीही जात नाही, म्हणून शहाणा विद्यार्थी शवविच्छेदनाचा अ‍ॅप्रन वेगळा ठेवतो आणि वॉर्डात जायची वेळ आली की नवा शिवतो. कापड बहुधा टेरिकॉट. सुती जास्त बरे, पण त्याला रोज इस्त्री कोण करणार? डाव्या खिशावर नाव, खालच्या दोन खिशांत संसार : टॉर्च, मोजपट्टी, गुडघ्यावर ठोकायची हातोडी, संवेदना तपासायला कापूस, घडी घातलेले केसपेपर आणि बहुधा एखादे बिस्किट. केस मागे बांधलेले, नखे कापलेली, पाय झाकणारे बूट हे नियम सगळीकडे सारखेच असतात. बुटांचे कारण साधे आहे, सुई हातातून सुटली की ती पायावरच पडते. मुंबईत पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की परळच्या कॉलेजांत चपला घालून येणाऱ्यांना मात्र कुणी फारसे विचारत नाही.

अ‍ॅप्रन घातला की रुग्णाच्या लेखी मुलगा ‘डॉक्टरसाहेब’ होतो आणि मुलगी ‘सिस्टर’. ‘ओ सिस्टर, सलाइन संपलं’ ही हाक न ऐकलेली विद्यार्थिनी विरळाच. यात नर्स असण्याला कमीपणा नाही. पण पोशाख एकच असताना ओळख दोन तऱ्हांनी होते. छातीवर स्पष्ट नावाची पट्टी आणि तिच्यावर ‘विद्यार्थी’ हा शब्द असावा, हा नियम म्हणूनच शिस्तीच्या नव्हे, तर रुग्णाच्या हक्काच्या खात्यात मांडला पाहिजे. आपल्याला तपासणारा हात शिकाऊ आहे, हे त्याला कळायला हवे.

लेखी नियमांच्या खाली अलेखी नियमांचा एक थर असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांनी जीन्स घालायची नाही, केस बारीक कापायचे, मुलींनी तेल लावून वेण्या घालायच्या, सीनियर समोर आला की नजर आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. ‘थर्ड बटन’ हा शब्द देशभरच्या वसतिगृहांत कळतो. वरकरणी ‘फॉर्मल्स’चा धडा वाटणारा हा प्रकार म्हणजे रॅगिंगच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कोणता नियम रुग्णासाठी आणि कोणता सीनियरच्या करमणुकीसाठी, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो : रात्री वसतिगृहातही तो पाळावा लागतो का?

आता बाही. लंडनच्या ‘बीएमजे’ या नियतकालिकात १९९१ मध्ये डॉक्टरांच्या कोटांवरील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतू सर्वांत जास्त सापडले ते बाहीच्या कडेवर आणि खिशांवर, म्हणजे नेमके जिथे हात आणि रुग्ण लागतात तिथे. मेरिलंड विद्यापीठात चर्चासत्राला आलेल्या १४९ जणांचे कोट तपासले गेले. २००९ मध्ये छापलेल्या त्या पाहणीत ३४ कोटांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि त्यांतल्या ६ कोटांवर त्याचा औषधांना न जुमानणारा प्रकार मिळाला. विद्यार्थ्याच्या अ‍ॅप्रनची अवस्था याहून बरी असण्याचे कारण नाही. वॉर्डातून निघालेला अ‍ॅप्रन कँटीनच्या टेबलाला लागतो, चहाच्या टपरीवर जातो, दुचाकीवरून घरी येतो, दाराच्या खिळ्याला लटकतो आणि रविवारी वसतिगृहाच्या बादलीत, त्यातही निळीच्या पाण्यात, बुडवला जातो. नीळ त्याला पांढरा दाखवते, निर्जंतुक करत नाही.

इंग्लंडने यावर घाव घातला. सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर होऊन जानेवारी २००८ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांत कोपरापासून खाली हात उघडा ठेवण्याचे धोरण आले : लांब बाही नाही, मनगटी घड्याळ नाही, साध्या अंगठीखेरीज दागिना नाही. पांढरा कोट वॉर्डातून हद्दपार झाला. टायवर ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २००६ मध्येच ‘निरुपयोगी वस्त्र’ असा शिक्का मारला होता. तर्क असा, की मनगट उघडे असेल तरच हात नीट धुतले जातात. तर्क बिनतोड, पुरावा मात्र तितका पक्का नाही. डेन्व्हरमध्ये १०० डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत (२०११) नुकताच धुतलेला आखूड बाहीचा गणवेश आणि रोजचा लांब कोट यांच्यावरील जंतूंत आठ तासांनंतर लक्षणीय फरक निघाला नाही. नव्या गणवेशावर आठ तासांत साठणाऱ्या जंतूंपैकी जवळपास निम्मे पहिल्या तीन तासांतच आले होते. २०१४ मध्ये अमेरिकेतील संसर्गनियंत्रण तज्ज्ञांनी मधला मार्ग सुचवला : अ‍ॅप्रन किमान दोन असावेत, आठवड्यातून निदान एकदा धुवावेत आणि रुग्णाजवळ जाण्यापूर्वी काढून ठेवता यावा म्हणून रुग्णालयाने खुंट्या लावाव्यात. आपल्याकडे या शिफारशीतले सर्वांत स्वस्त कलम म्हणजे खुंटी, आणि वॉर्डात नेमकी तीच दिसत नाही.

यात एक गंमत आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला लांब बाह्या चालत नाहीत. कॉपीची साधने लपू नयेत म्हणून आखूड बाह्या आणि बुटांऐवजी चपला, असा दंडक आहे. प्रवेश मिळाला की तोच विद्यार्थी लांब बाह्यांत आणि बुटांत कोंबला जातो. त्याचे हात उघडे ठेवण्याचा आग्रह परीक्षा घेणाऱ्यांनी धरला. रुग्णाच्या सोयीने तो आपल्याकडे फारसा कुणी धरला नाही.

दागिन्यांचा नियम कागदावर सोपा आणि अंगावर अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या हस्तस्वच्छतेच्या मार्गदर्शिकेत नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरहून कमी, कृत्रिम नखे वर्ज्य, अंगठ्या नकोत, असे सांगितले आहे. लग्न झालेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या हिरव्या बांगड्या मात्र सासरच्या नजरेतून सुटत नाहीत. बहुतेकींची तोडगा काढण्याची रीत ठरलेली : बांगड्या पर्समध्ये, मंगळसूत्र शस्त्रक्रियागृहाच्या कपड्यांत आतल्या बाजूने पिनेने अडकवलेले. इंग्लंडमध्ये २०१० च्या सुधारित सूचनांनी शिखांना कडे दंडाकडे सरकवून घट्ट बसवण्याची आणि हात झाकू इच्छिणाऱ्यांना एकदाच वापरायच्या बाह्या घालण्याची मुभा दिली. जून २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी मेडिकल कॉलेजातील ७ मुस्लिम विद्यार्थिनींनी शस्त्रक्रियागृहात लांब बाह्यांचे जाकीट आणि डोके झाकणारे हूड वापरू देण्याची मागणी केली, तेव्हा वाद पुन्हा कोपराशीच आला. शस्त्रक्रियेआधी हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. त्यावर तडजोड शक्य नाही. डोके कशाने झाकावे यावर मात्र ती सहज शक्य आहे, कारण तिथे डोके झाकणे सर्वांनाच सक्तीचे असते.

नियम करताना हा फरक विसरला, की यादी वाढत जाते. हरयाणा सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या पोशाखसंहितेत लांब नखांबरोबर जीन्स, स्कर्ट, भारी मेकअप आणि फॅशनेबल केशरचना हेही होते. नखांचा संबंध जंतूंशी आहे. केशरचनेचा, केस बांधलेले असतील तर, कुणाशीच नाही.

शस्त्रक्रियागृहात पांढरा रंग चालत नाही. झगझगीत दिव्याखाली तो डोळे दिपवतो आणि लालभडक रक्ताकडे बराच वेळ पाहिल्यावर नजर हलवली की पांढऱ्यावर हिरवट डाग तरंगू लागतात. म्हणून तिथे हिरवे किंवा निळे कपडे. बालरोग विभागात पांढऱ्या अ‍ॅप्रनला पाहताच भोकाड पसरणारी मुले असतात, म्हणून तिथले शिक्षक पुष्कळदा तो काढूनच वॉर्डात शिरतात. मोठ्यांचे रडू दिसत नाही, रक्तदाब दिसतो; पांढऱ्या कोटासमोर तो चढतो आणि या चढण्याला वैद्यकात त्या कोटाचेच नाव आहे.

विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला अ‍ॅप्रन कडक इस्त्रीचा असतो. वर्षभर दुमडलेल्या बाह्या त्या दिवशी मनगटापर्यंत खाली येतात आणि बटणे लागतात, कारण समोर बाहेरगावचे परीक्षक असतात. पुढे स्वतःचा दवाखाना थाटलेले बरेचसे जनरल प्रॅक्टिशनर साध्या शर्टात, बाह्या दुमडून बसतात. अ‍ॅप्रन दिसतो तो शेजारच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या अंगावर.