आधी काय, नंतर काय?

फोडणी करपली की वरून काहीही घाला, वास जात नाही. फोटोंचंही तसंच आहे, हे मला उशिरा कळलं.

आजीच्या पंचाहत्तरीला अंधाऱ्या माजघरात तिचे फोटो काढले. घरी येऊन आधी शार्पन केलं, मग नॉइज काढायला गेलो. तोवर नॉइजचे दाणे सुरकुत्यांइतकेच ठसठशीत झालेले. नॉइज गेला, सुरकुत्याही गेल्या! वर जेपेग ठेवून रॉ फाइल उडवली. आजी आता नाही.

या क्रमाचं मूळ जुनं आहे. १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बायर यांना पेटंट मिळालं: सेन्सरवर निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे रॉ फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला एकच रंग. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढायचे. त्यामुळे नॉइज सुरुवातीलाच आवरायचा, नाहीतर तो पुढच्या प्रत्येक हिशोबात मुरतो. शार्पनिंग शेवटाकडे.

२००७ साली लाइटरूम आलं. स्लायडर कसेही हलवा, आतला हिशोब ठरलेल्या क्रमानेच होतो आणि मूळ फाइल शाबूत राहते. फुकट मिळणाऱ्या डार्कटेबलने मात्र २०१९ च्या डिसेंबरात तो क्रम बदलायची मुभा दिली.

मी अजून बदललेला नाही. आणि हो, रॉ फाइल आता कधीच उडवत नाही.