खाट नसलेल्या उपचाराचा हिशेब

भंडारा शहरातला एक ॲक्युपंक्चरचा दवाखाना. लोक त्याला सुयांचा दवाखाना म्हणतात. मी माझ्या खालाला घेऊन गेलो होतो. तिचा उजवा अंगठा आणि मनगट गेली कित्येक वर्षे दुखते. टेबलावर वही घेऊन बसलेल्या मुलीसमोर खालाने प्लास्टिकच्या पिशवीतून आयुष्मान कार्ड काढून ठेवले आणि विचारले, "हे चालते का जी?"

"नाही जी माय," मुलगी म्हणाली. "आम्ही भरती करत नाही न. कार्ड भरतीवाल्या दवाखान्यात चालते."

खालाने कार्ड पुन्हा पिशवीत घातले, बटवा उघडला आणि नोटा मोजल्या. मोजण्यात तिची चूक होत नाही. तिने चाळीस वर्षे बिड्या मोजल्या आहेत.

मंडळी, प्रश्न एवढाच आहे. दुखणे खरे, उपचार करणारा समोर, कार्डही खरे. मग मध्ये खाट कशाला हवी? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत आमचा जिल्हा एकच होता, आणि धान व बिडी हे त्याचे दोन आधार होते. जंगलातून तेंदूपत्ता यायचा आणि घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पत्ता कापायचा, जर्दा भरायचा, वळायचे, धागा बांधायचा. मजुरी हजाराच्या हिशेबाने. छाटणीत बाद झालेल्या बिडीचे पैसे नाहीत, आणि आजारपणाच्या दिवसाचे तर नाहीतच. अंगठ्याचे दुखणे हे असे हजारांनी साठत जाते. त्या दुखण्याला कोणी कधी भरती होत नाही.

माझ्या लहानपणी, १९७० च्या दशकात, आमच्या वस्तीत एक हकीमसाहेब होते. रोग्याकडून ते लगेच पैसे घेत नसत. धान निघाले की घरोघरी त्यांचा माणूस फिरे आणि प्रत्येक घर पायलीच्या मापाने धान घाली. ज्या घरात वर्षभर कोणी आजारी पडले नाही, तेही घर देई. आज वाटते, विमा म्हणतात तो हाच. धडधाकट माणसाने आजाऱ्याच्या वाट्याचे थोडे उचलायचे. फरक इतकाच की हकीमसाहेबांच्या हिशेबात खाट नव्हती, माणूस होता.

सुयांच्या उपचाराचा आपल्याकडचा इतिहासही अशाच एका वर्गणीपासून सुरू होतो. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. जपानच्या आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनसाठी लोकवर्गणी जमवली गेली आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्यात आले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचे नाव घराघरांत नेले. त्यांच्या नावाने लुधियानात ॲक्युपंक्चरचे रुग्णालय आहे, म्हणून पुष्कळांचा समज होतो की कोटणीस सुया टोचत. ते शल्यचिकित्सक होते. सुयांची विद्या आणली ती बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले.

त्या पथकाने ज्या चिनी सैनिकांवर उपचार केले, त्यांच्याकडे कोणी पैसे मागितले नाहीत. ते इथल्या अनोळखी माणसांनी आधीच भरले होते.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार कायद्यात आला. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून थोडे. या योजनेत खाटेची अट नव्हती. साध्या तापाचे औषधही मिळे आणि आजारपणाच्या दिवसांचे पैसेही. पण ती योजना कारखान्याच्या फाटकाआतली होती. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला कुठले फाटक? तिच्यासाठी १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. बिड्यांवर उपकर बसवायचा आणि त्यातून दवाखाने, घरे, मुलांना शिष्यवृत्त्या. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला.

दरम्यान १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्याची मूळ अट होती ती रुग्णालयात किमान चोवीस तास भरती राहण्याची. डायलिसिस, मोतीबिंदू अशा काही उपचारांना पुढे सूट मिळाली, पण पायंडा पडला तो पडलाच. २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी, २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य, २०१८ ची आयुष्मान भारत. रकमा तीस हजारांपासून पाच लाखांपर्यंत गेल्या, भर मात्र भरतीवरच राहिला. या योजनांनी हृदयाच्या आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत कित्येक घरांची शेती विकण्यापासून वाचवली, हे विसरून चालणार नाही. पण खुर्चीवर बसून दहा वेळा उपचार घेणारा रोगी त्यांच्या नजरेत आलाच नाही.

महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम करून या उपचाराला मान्यता दिली. पण मान्यता वेगळी आणि पैसे वेगळे. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने आयुष उपचारांना इतर उपचारांसारखेच वागवायला सांगितले. त्यात आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी आहेत, ॲक्युपंक्चरचे नाव नाही.

दुसरीकडे काय केले, तेही पाहू. जर्मनीत २००७ पासून जुनाट पाठदुखी आणि गुडघेदुखीसाठी सरकारमान्य विमा सुयांचे पैसे देतो. अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर योजनेने २१ जानेवारी २०२० रोजी फक्त जुनाट कंबरदुखीसाठी दार उघडले: नव्वद दिवसांत बारा बैठका, फरक पडला तर आणखी आठ, वर्षाला वीसच्या वर नाहीत. म्हणजे खाट न मोजता बैठका मोजता येतात. मात्र याच जर्मनीतल्या पाठदुखीच्या मोठ्या चाचणीत नेमक्या जागी टोचलेल्या आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी जवळजवळ सारखाच आराम दिला होता. तेव्हा विमावाला शंका घेतो, ती अगदीच बिनबुडाची नाही. कशासाठी, किती वेळा आणि कुठवर पैसे द्यायचे हे त्याने जरूर ठरवावे. पण ते ठरवायलाच बसू नये, हे बरोबर नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो. माझी मान दुखत होती तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मला सुचवण्यात आले, "तुमचा मेडिक्लेम आहे न? दोन दिवस भरती दाखवून देऊ. तुमचे पैसे निघतील, आमचेही." खरे सांगतो, मी तिथल्या तिथे नाही म्हटले नाही. घरी आलो, आकडे मांडले, मोह झाला. खालाला सांगितले तर ती म्हणाली, "ज्या खाटेवर तू निजला नाहीस, तिचे पैसे कोणाच्या खिशातून येतील रे? आम्ही हजार म्हटले तर हजार मोजून दिल्या. नऊशे नव्वद देऊन हजार नाही म्हटले."

मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवले. खोट्या भरतीचा भार शेवटी प्रामाणिक हप्ता भरणाऱ्यावर पडतो, आणि पकडले गेले तर पुढचा खरा दावाही अडतो.

म्हणून या दवाखान्यांत जाणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. पहिल्या सुईआधी दर विचारा, किती बैठका लागतील ते विचारा. दहा बैठकांचे पैसे एकदम भरत असाल तर अर्ध्यावर सोडल्यास काय परत मिळेल, ते लिहून घ्या. प्रत्येक पावतीवर तारीख आणि उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असू द्या. पॉलिसी असेल तर बाह्यरुग्ण खर्च त्यात आहे का, हे आधी कंपनीला लेखी विचारा. काही पॉलिसींत तो असतो. आणि सरकारकडे मागायचे तर हे मागावे, की वर्षानुवर्षे बिड्या वळलेल्या हातांना काही ठरावीक बैठकांचा खर्च, सुयांचा असो की फिजिओथेरपीचा, भरती न होता मिळावा.

खालाच्या सहा बैठका झाल्या आहेत. रात्री थोडी झोप लागते म्हणते. अंगठा अजून पूर्ण वळत नाही. सहाही पावत्या तिने कार्डाबरोबर त्याच पिशवीत जपून ठेवल्या आहेत. कशाला, विचारले तर म्हणाली, "कधी चालू झाले तर? हिशेब आपल्याकडे असलेला बरा."