इंटरनेट कनेक्शन शेअरिंग
इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही एकाच आंतरजाल जोडणीचा लाभ घरातील दुसऱ्या संगणकालाही देणारी विंडोज प्रणालीतील सुविधा आहे. मायक्रोसॉफ्टने ती १९९९ मध्ये 'विंडोज ९८ सेकंड एडिशन'मध्ये प्रथम आणली. मोडेम असलेला संगणक यजमान ठरतो. तो स्वतः एक अंतर्गत पत्ता (जुन्या विंडोजमध्ये १९२.१६८.०.१) घेऊन दुसऱ्याला पत्ता नेमून देतो. साहजिकच यजमान बंद असल्यास दुसऱ्याचे आंतरजालही बंद पडते. जुन्या संगणकांची नेटवर्क कार्डे थेट जोडण्यास क्रॉसओव्हर केबल लागते. मध्ये हब असल्यास साधी चालते. त्याच केबलवरून संचिकाही सामायिक करता येतात. मात्र संचिकांची ही देवाणघेवाण डायल-अप जोडणीवरही चालू राहिल्यास घरातील कागदपत्रे बाहेरच्यांना खुली होऊ शकतात. ही बाब सहज नजरेआड होते. म्हणून ती केवळ नेटवर्क कार्डापुरती ठेवून संकेतशब्द द्यावा लागतो.