चॅम्पियन पुणेरी पलटण पुढच्याच हंगामात का घसरली? समजून घ्या

२९ डिसेंबर २०२४. प्रो कबड्डीची फायनल पुण्यातच, बालेवाडीत झाली. पण करंडक उचलला हरियाणा स्टीलर्सने, आणि त्यांच्या संघात होता मोहम्मदरझा शादलुई. हा इराणी बचावपटू दहा महिन्यांपूर्वीच पुणेरी पलटणकडून चॅम्पियन झाला होता. नारायण पेठेतल्या चाहत्याला हे झोंबणारच!

पलटणने शादलुईला सोडलं का?

खेळ पैशांच्या गणिताचाही आहे. तेव्हा लिलावात प्रत्येक संघाकडे ५ कोटी रुपये असायचे, त्यातच सगळा संघ बसवावा लागायचा. दहाव्या हंगामासाठी पलटणने शादलुईवर २ कोटी ३५ लाख रुपये मोजले, म्हणजे जवळपास निम्मी रक्कम. त्या हंगामात १ मार्च २०२४ रोजी हरियाणालाच २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावाआधी मात्र त्याला सोडलं आणि हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं.

मग घसरण फक्त त्यामुळे?

नाही. नगर जिल्ह्याचा कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे अर्ध्यातच बाहेर पडला. चढाई आणि बचाव, दोन्हीकडे खिंडार पडलं. पलटण पहिल्या सहांतही आली नाही.

पुढे काय?

२०२५ मध्ये अस्लम परतला आणि पलटण फायनलमध्ये पोहोचली. दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हार झाली, फक्त तीन गुणांनी. म्हणजे एक स्टार गेला म्हणून संघ संपत नाही. कर्णधार मॅटवर उभा असला पाहिजे.