म्हातारा पोपट आणि कॅनरीचं गाणं

उर्दूत म्हण आहे, ‘बूढे तोते नहीं पढते’. आमच्या उमरखेडमध्ये चाळिशी ओलांडलेली एखादी आपा मराठी लिहायला शिकते म्हणाली, की घरातलंच कुणीतरी ही म्हण ऐकवतं. विज्ञानही बराच काळ जवळपास हेच सांगत होतं. ती समजूत हलवली एका पक्ष्याने.

स्पेनचे सान्तियागो रामोन ई काहाल यांना 1906 साली कामिल्लो गोल्जी यांच्यासोबत नोबेल मिळालं. प्रौढ मेंदूतल्या चेतापेशी मरतात, नव्या जन्मत नाहीत, असं काहाल यांनी लिहिलं. उद्याचं विज्ञान हा कठोर निकाल कदाचित बदलेल, अशी आशाही त्यांनी बोलून दाखवली होती. पुढच्या पिढ्यांच्या लक्षात निकाल तेवढा राहिला. म्हणूनच 1960च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या, तेव्हा बहुतेकांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

अर्जेंटिनात जन्मलेले फर्नांडो नॉटेबोम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅनरीच्या गाण्याचा अभ्यास करत होते. नर कॅनरी वसंतात ठाम गातो. विणीचा हंगाम सरला की गाणं विस्कटतं आणि पुढच्या वर्षी त्यात नवे तुकडे येतात. मेंदूतलं गाण्याचं केंद्र वसंतात शरदातल्यापेक्षा जवळपास दुप्पट मोठं असतं, हे त्यांनी 1981 साली मांडलं. 1983 साली स्टीव्हन गोल्डमन यांच्यासह त्यांनी प्रौढ माद्यांना किरणोत्सारी थायमिडिन टोचलं. पेशी दुभंगताना हे द्रव्य तिच्या डीएनएत जातं, त्यामुळे नवी पेशी ओळखता येते. गाण्याच्या केंद्रात अशा नव्या चेतापेशी सापडल्या. त्या आवाजाला प्रतिसाद देतात, हे पुढच्याच वर्षी दिसलं. जुन्या पेशी मरतात आणि त्यांची जागा नव्या घेतात, हेही नंतर स्पष्ट झालं.

पक्ष्याकडे असं चिकाटीने पाहणं आपल्याकडेही घडलं आहे. पुरेशी पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेत नोकरी न मिळालेल्या सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि घरटं पसंत पडलं तरच मादी राहते, हे त्यांनी तासन्‌तास पाहून नोंदवलं. सुगरण हाही गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गटातला.

मात्र कॅनरीवरून माणसाबद्दल घाईने बोलू नये. झेब्रा फिंच हा पक्षी मोठेपणी नवं गाणं शिकत नाही, तरी त्याच्या मेंदूत नव्या पेशी येतातच. म्हणजे नवी पेशी आली की नवं शिकणं आलं, असं सरळ गणित नाही. माणसाच्या मेंदूत प्रौढपणी नव्या चेतापेशी तयार होतात, असा पुरावा 1998 साली पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी दिला. 2018 साली एका गटाने तो नाकारला, दुसऱ्याने उचलून धरला. वाद अजून मिटलेला नाही.

पण शिकणं नव्या पेशींवरच अडलेलं नसतं. आहेत त्या पेशींमधले जोड सरावाने बदलत राहतात आणि ते मोठ्या वयातही घडतं. तेव्हा शिकायला निघालेल्या आपाला प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही. तिला रोजचा अर्धा तास हवा, आणि घरच्यांनी ही म्हण ऐकवणं तेवढं थांबवायला हवं.